दोरा कुजला, मणी उरले: पुआबीचे दागिने पुन्हा ओवावेत का?

धागाकर्ती:
इराकमधल्या उर या प्राचीन शहरात पुरातत्त्वज्ञ लेनर्ड वूली यांना १९२० च्या दशकात पुआबी राणीची कबर सापडली, इ.स.पू. २५०० च्या आसपासची. तिचं नाव आपल्याला कळतं तेही लाजवर्दाच्या (लॅपिस लाझुली या निळ्या दगडाच्या) मुद्रेवरून, म्हणजे शिक्क्यावरून. तिच्याजवळ लाजवर्दाचे असंख्य बारीक मणी आणि सोन्याचे इवलेसे प्राणी विखुरले होते. वूलींनी ते ओवून एकच शिरोभूषण बनवलं, आणि कित्येक वर्षं जगाने तेच पाहिलं. पुढे अभ्यासकांनी नोंदी तपासल्या तेव्हा वाटलं, ते अनेक वेगळे सर असावेत. मग एवढ्या वर्षांत आपण राणीचा दागिना पाहिला की वूलींचा? माझं मत स्पष्ट आहे: मणी सुटेच मांडावेत.

पोतवाली:
मुळीच पटत नाही. आईची पोत मी तीनदा गाठवून घेतली. दोरा बदलला, एकदा वाट्याही मागेपुढे झाल्या, तरी पोत आईचीच आहे. मणी ओवण्यासाठीच घडवलाय, भोक त्याचसाठी पाडलंय. ताटलीत सुटा ठेवला तर तो नुसता निळा खडा! शिवाय वूली बेफिकीर नव्हते. नाजूक वस्तू जागच्या जागी राहाव्यात म्हणून ते त्यांवर मेण ओतून त्या उचलत.

खाणकरी:
दोघीही राणीपाशीच थांबलात. हा दगड आला अफगाणिस्तानातल्या बदख्शानातून, कोकचा नदीच्या खोऱ्यातल्या सर-ए-संगच्या खाणींतून. उरपासून सरळ रेषेतही दोन हजार किलोमीटरांहून जास्त! वाटेत आजच्या इराणमधल्या शहर-ए-सोख्तात गारगोटीच्या टोच्यांनी त्याला भोकं पाडली जात. हडप्पावाल्यांनी तर खाणींच्या बाजूला, अमू दर्या नदीजवळ शोर्तुगई इथे वस्तीच केली होती. मणी कसेही ओवा, पण शेजारच्या पाटीवर फक्त ‘राणीचे अलंकार’ लिहिलेलं मला सलतं. ज्यांनी डोंगर फोडला त्यांची नावं कुठल्याच मुद्रेवर नाहीत.

धागाकर्ती:
खाणकरी, पाटीचं एकदम मान्य. पोतवाली, तुमची पोत गाठवताना आईच्या गळ्यातली पाहिलेलं माणूस घरात होतं. पुआबीचे सर गळ्यात पाहिलेलं कोण होतं? म्हणून माझा आग्रह थोडा बदलते: ओवा, पण जिथे क्रम अंदाजाने लावलाय तिथे दोऱ्याचा रंग वेगळा ठेवा.

पोतवाली:
वेगळ्या रंगाचा दोरा चालेल. सुटे मणी नकोत.