लॅम्डा फाज के-१२ वर दहा हजारांत एकच प्लाक का देतो?

प्लाकमोजणी: लॅम्डा हा ई. कोलाय जिवाणूला लागणारा विषाणू (फाज). ई. कोलायच्या सी स्ट्रेनवर वाढवलेल्या व्हिरुलंट (पेशीत न दडता ती थेट फोडणाऱ्या) लॅम्डाचं टायटर, म्हणजे प्लाक (जिवाणूंच्या थरात फाजाने पाडलेले स्वच्छ ठिपके) मोजून काढलेली संख्या, सीवर मिलिलिटरला ५०० कोटी, तर के-१२ या दुसऱ्या स्ट्रेनवर जेमतेम ५ लाख. के-१२ वरचा एक प्लाक उचलून तिथेच वाढवला की पुढचं टायटर दोन्हीकडे सारखं. हे उत्परिवर्तन समजायचं का?

कोराधागा: नाही, ही होस्टने (फाज ज्यात वाढतो त्या जिवाणूने) लावलेली खूण. १९५३ साली बेर्टानी आणि वाइगल यांनी हेच वर्तन नोंदवलं होतं. के-१२ मध्ये इको-के-आय हे एन्झाइम असतं. एएसी, मग कोणतेही ६ बेस, मग जीटीजीसी ही त्याची जागा. लॅम्डात अशा ५. तिथल्या ठरावीक ॲडेनिनवर दोन्ही धाग्यांत मेथिल (छोटा रासायनिक गट, तीच ही खूण) नसेल, तर ते जागा धरून ठेवतं, एटीपी जाळत दोन्ही बाजूंचा डीएनए ओढतं आणि हजारो बेस लांब कुठेतरी तोडतं. (जेलवर, ठरल्या जागीच तोडणाऱ्या इको-आर-आयसारखे नीटस पट्टे शोधू नका.) मग तुटक्या टोकांवर रेक-बीसीडी हे डीएनए कुरतडणारं एन्झाइम तुटून पडतं.

पेशीचा स्वतःचा डीएनए वाचतो, कारण प्रतिकृतीनंतर जुन्या धाग्यावर मेथिल असतंच. अर्धी खूण दिसली की हेच एन्झाइम तोडायचं सोडून नव्या धाग्यावर मेथिल चढवतं. सीमध्ये हे एन्झाइम नाही, म्हणून तिथला फाज दोन्ही धाग्यांनी कोरा. एखाद्यावर तुटण्याआधीच मेथिल चढतं. त्याची पिल्लं खूण घेऊनच बाहेर पडतात.

खात्रीसाठी के-१२ वर वाढवलेला तो फाज सीवर एक फेरी वाढवून परत के-१२ वर टाका. टायटर घसरलं तर उत्परिवर्तन नाही.

मऊअगार: पण एका फेरीत १०,००० पट घसरण मागू नका. एका पेशीतून १०० फाज निघाले तर जुना मेथिलवाला धागा फार तर २ फाजांत जातो, आणि अर्धी खूणही पुरते. शेकडा १-२ उगवणारच. आर्बर आणि दुसुआ यांनी १९६२ मध्ये खूण डीएनएवरच असते हे याच वाटेने दाखवलं. न चिकटलेला जुना फाज धुतला नाही तर आकडा आणखी फुगतो. त्यापेक्षा सीवर दोनदा प्लाक घ्या.

प्लाकमोजणी: क्रिस्पर (जुन्या फाजांच्या डीएनएचे तुकडे जपून जुळणारा डीएनए तोडणारी यंत्रणा) नसेल कशावरून? के-१२ मध्ये तेही आहे.

कोराधागा: आहे, पण प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या वाढीत एच-एनएस प्रथिन ते दाबून ठेवतं. शिवाय क्रिस्परमधून निसटलेल्या फाजात स्पेसरशी (जपलेल्या तुकड्याशी) जुळणाऱ्या भागात किंवा शेजारच्या पीएएममध्ये (क्रिस्परला लागणाऱ्या छोट्या बेस-क्रमात) बदल सापडतो. तो सीवर फिरवून पुसला जात नाही.

मऊअगार: कंट्रोल म्हणून त्याच के-१२ चा एचएसडी-आर (इको-के-आयचा तोडणारा भाग बनवणारं जीन) नसलेला स्ट्रेन ठेवा, तिथे कोरा फाजही पूर्ण उगवायला हवा. सगळे होस्ट ०.२% माल्टोजमध्ये, ग्लुकोज न घालता वाढवा, नाहीतर लॅम-बी रिसेप्टर (लॅम्डा पेशीला जिथे चिकटतो ते प्रथिन) कमी पडतो आणि दोष एन्झाइमवर येतो. कोरा फाज बनवायला डीएच५-अल्फा (के-१२ पासूनचाच प्रयोगशाळेतला स्ट्रेन) मात्र वापरू नका: तो तोडत नाही, पण मेथिल लावतो.