‘दहावीनंतर सायन्स घेऊन ठेवू, पुढचं पुढे बघू’: याला नियोजन म्हणायचं का?

खडूफळा
दहावीचा निकाल लागला की घरोघरी हाच ठराव पास होतो. माझ्या मते ही निव्वळ चालढकल आहे आणि तिची किंमत बारावीच्या टक्क्यांतून वसूल होते. ज्या मुलाला हिशेबात किंवा भाषेत गती आहे, ते फिजिक्स-केमिस्ट्रीत दोन वर्षं काढून पन्नास टक्क्यांवर येतं आणि शेवटी बीकॉमलाच जातं. तेही मेरिटवर भरणाऱ्या चांगल्या कॉलेजात नाही, कारण तिथे पुन्हा बारावीचेच गुण बघतात.

माझा प्रस्ताव असा: निर्णयाची तयारी नववीची परीक्षा संपल्यावर, एप्रिलमध्ये सुरू करा. प्रत्येक मुलाने तीन वेगवेगळ्या कामाच्या जागी प्रत्येकी दोन-तीन तास बसून बघायचं आणि काम करणाऱ्याला चारच प्रश्न विचारायचे. दिवसातलं सगळ्यात कंटाळवाणं काम कोणतं? सुरुवातीला पगार किती होता? इथवर यायला कोणतं शिक्षण लागलं? पाच वर्षांनी या कामात माणूस कुठे पोचतो? उत्तरं त्याच दिवशी वहीत लिहायची. यासाठी कल चाचणीवर हजारो रुपये घालायची गरज नाही.

मोजपट्टी
पूर्ण असहमत, दोन्ही मुद्द्यांवर.

सायन्सचं दार एकाच बाजूने उघडतं, हे पालकांना नीट कळलेलं आहे. बारावी सायन्सवाला बीए, बीकॉम, पाच वर्षांचं लॉ, सीए फाउंडेशन, हॉटेल मॅनेजमेंट, कशालाही जाऊ शकतो. आर्ट्स-कॉमर्सवाल्याला इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंगची पदवी बंद. एनडीएतही आर्मीला कोणतीही शाखा चालते, पण नेव्ही आणि एअर फोर्सला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवंच. पंधराव्या वर्षी मुलाला काय व्हायचंय हे ठाऊक नसतं, मग दार उघडं ठेवलं तर बिघडलं कुठे?

आणि चाचणीला मोडीत काढू नका. आवड आणि क्षमता वेगळ्या मोजाव्या लागतात. 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची शासकीय कल चाचणी झाली. तिच्या अहवालातलं आवडीचं क्षेत्र म्हणजेच क्षमता, असं अनेक घरांनी धरलं, घोटाळा तिथे झाला. अंकांची क्षमता, आकृत्या मनात फिरवून बघण्याची क्षमता, भाषेची जाण, हे दोन तासांच्या भेटीत कळत नाही. नीट घेतलेल्या चाचणीत कळतं.

खडूफळा
आवडीच्या चाचणीत ‘तुम्हाला यंत्रं दुरुस्त करायला आवडेल का’ असं विचारतात. ज्याने गॅरेजमध्ये एक दुपार काढलेली नाही, ते मूल काय उत्तर देणार? चाचणी घ्या, पण भेटींनंतर घ्या.

शिवाय ‘सायन्स’ म्हणजे सगळी दारं उघडी, हा समज अर्धवट आहे. मॅथ्स सोडलं की इंजिनिअरिंग गेलं, बायो सोडलं की ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेश परीक्षा गेली. दोन्ही ठेवले तर चार जड विषय एकदम. आपल्या राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीत पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटाचे 200 गुण, त्यातले 100 एकट्या मॅथ्सचे. दहावीत बीजगणित पाठ करून पास झालेल्या मुलाची गाडी तिथेच अडते. त्या पेपरात अकरावीचा वाटा 20 टक्के म्हणून ते वर्ष सोडून देतात, आणि बारावीचं 80 टक्के त्याच पायावर उभं असतं.

वर्कशॉप
तुम्ही दोघंही अकरावीच्या भोवतीच फिरताय. पॉलिटेक्निकचं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाचं काय?

दहावीच्या गुणांवर प्रवेश, वेगळी प्रवेश परीक्षा नाही, तीन वर्षं, सहा सेमिस्टर. डिप्लोमा झाला की सीईटी न देता इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड, उदाहरणार्थ इलेक्ट्रिशियन किंवा फिटर, केलेल्यालाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट जायची वाट आहे. म्हणजे ‘आयटीआयला गेला म्हणजे संपला’ हे खरं नाही.

मात्र खाचखळगेही सांगायलाच हवेत. मराठी माध्यमाचं मूल पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी पुस्तकांत अडकतं आणि बॅकलॉग, म्हणजे राहिलेले विषय, तिथून साचायला लागतात. दहावीनंतरच्या सुट्टीत विज्ञान-गणिताच्या संज्ञा इंग्रजीत करून घेतल्या तर बराच फरक पडतो. दुसरं, डिप्लोमाहून पदवीला गेलेली मुलं एम-थ्रीला, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या गणिताला, आपटतात, कारण समोर लाप्लास आणि फुरिए हे इंटिग्रेशनवर उभे असलेले भाग येतात आणि पहिल्या वर्षाचं एम-वन, एम-टू त्यांनी केलेलंच नसतं. इंटिग्रेशन आधीच पक्कं करून घ्यायला हवं.

मोजपट्टी
हा मुद्दा मान्य. पण डिप्लोमाला मेकॅनिकल की कॉम्प्युटर, हे तर पंधराव्या वर्षीच ठरवायचं! माझा आक्षेप नेमका इतक्या लवकर शाखा पक्की करण्यालाच आहे.

बांधावरून
खडूफळा, कामाच्या जागा दाखवायच्या हे शहरात ठीक. तालुक्यापासून तीस किलोमीटरवरच्या शाळेने काय करायचं, असा प्रश्न येईल, म्हणून आधीच सांगतो: प्राथमिक आरोग्य केंद्र, दूध संकलन केंद्र, महावितरणचं सबस्टेशन, बँकेची शाखा, कृषी सेवा केंद्र. एका आरोग्य केंद्रातच चार वाटा दिसतात: डॉक्टर, नर्स, लॅब टेक्निशियन, औषध निर्माता. औषध निर्मात्याला बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचं डी.फार्म आणि 500 तासांचं प्रशिक्षण लागतं, हे मेडिकल दुकान काढायची स्वप्नं बघणाऱ्या किती मुलांना माहीत असतं?

या भेटी फसतात त्या एकाच कारणाने. चाळीस मुलं बसमध्ये घालून कारखान्यात नेतात, कोणीतरी साहेब भाषण करतो, बिस्किटं वाटतात, परत. एका जागी दोन, फार तर तीन मुलं पाठवा. आणि मुलांनी फक्त बघायचं, कामाला हात लावायचा नाही. चौदाखालच्या मुलाला कामाला लावणं बेकायदा आहे आणि अठरापर्यंत धोक्याच्या कामाला बंदी आहे. मुख्याध्यापकांच्या पत्रात हे स्पष्ट लिहिलं की दुकानदारही निर्धास्त राहतो.

एक गोष्ट मात्र कोणीच बोललं नाही: कागदपत्रं. शाखा अचूक निवडली आणि जात पडताळणी हातात नसली, तर राखीव जागेवरचा प्रवेश निसटतो. बारावी सायन्सच्या मुलांनी अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत द्यावा, कारण पुराव्यांत त्रुटी निघाली की महिने जातात. नॉन-क्रिमीलेयरची मुदत 31 मार्चला संपते आणि प्रवेश जूननंतर होतात, तेव्हा दाखल्यावरचं वर्ष बघून घ्या. नाव आणि जन्मतारीख आधार, जनरल रजिस्टर (शाळेची प्रवेश नोंदवही) आणि दहावीच्या फॉर्मवर अक्षर-अक्षर जुळवा. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती सोपी असते, दाखला घेऊन बाहेर पडलं की शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या सुरू.

खडूफळा
कागदपत्रांचं शंभर टक्के पटलं. नववीच्या पहिल्या पालकसभेतच ही यादी वाटायला हवी. मोजपट्टी, एवढंच सांगा: भेटी आधी आणि चाचणी नंतर, या क्रमाला तुमची हरकत आहे का?

मोजपट्टी
क्रमाला हरकत नाही. चाचणी मराठीत असावी आणि अहवालावर पालकांसोबत तासभर बोलणं व्हावं, एवढी अट. सायन्सबद्दलचं मत मात्र कायम: गणितात बरी गती असेल आणि काहीच ठरलं नसेल, तर सायन्सच घ्यावं.

वर्कशॉप
‘गणितात बरी गती’ कशावरून ठरवणार? दहावीच्या गुणांवरून ठरवू नका. नववीच्या पुस्तकातली शाब्दिक उदाहरणं न शिकवता सोडवायला द्या, दहापैकी सहा आली तर बोलू.