फुकेत की हुआ हिन?

निवृत्तीनंतर थायलंडमध्ये राहायचं तर कुठे, असा प्रश्न निघाला की फुकेतचा किनारा देखणा, म्हणून तिथेच राहावं, असा बहुतेकांचा सूर असतो. मी हुआ हिन सुचवेन. फुकेतला मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वारे थेट अंगावर येतात. किनाऱ्यावर लाल बावटे लागतात, पाण्याला ओढ इतकी की पट्टीचे पोहणारेही बुडतात. हुआ हिन थायलंडच्या आखातावर, पश्चिमेच्या डोंगरांच्या आडोशाला. पाऊस बराच कमी. शिवाय बँकॉकला थेट रेल्वे आहे, फुकेतला रेल्वेच नाही. उतारवयात मोठं इस्पितळ किती लांब, हे पाण्याच्या रंगापेक्षा महत्त्वाचं, नाही का?

निवृत्ती व्हिसाला वय ५० पूर्ण हवं, आणि बँकेत ८ लाख बात (थाई चलन) किंवा दरमहा ६५ हजारांचं उत्पन्न. परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही, फ्लॅट होतो. दुसऱ्याच्या नावावर बंगला घ्यायच्या फंदात कृपा करून पडू नका.

घर बघताना एसीचं बाहेरचं युनिट आणि खिडक्यांच्या बिजागऱ्या हात लावून बघा. गंजाचे पापुद्रे बोटाला लागले तर खारा वारा घरात किती शिरतो ते कळतं. मालवण-वेंगुर्ल्याच्या मंडळींना हे सांगायला नको. आणि आधी एक अख्खा पावसाळा भाड्याने राहा.