जुना बॅक बॉयलर, कार्बन मोनॉक्साइड अलार्म कुठला घ्यावा आणि कुठे लावावा? (बजेट ५० पौंड)

स्लावचा_नवा_रहिवासी
नमस्कार मंडळी. ऑगस्टमधे इंग्लंडमधे स्लावला १९५० च्या आसपासचं टेरेस्ड घर घेतलंय. हॉलमधे गॅस फायर आहे आणि त्याच्या मागे धुराड्याच्या (चिमणीच्या) पोकळीत बॅक बॉयलर, आधीच्या मालकाच्या कागदांवर १९९४ साल आहे. गरम पाण्याची टाकी वरच्या मजल्यावर कपाटात. स्टॅम्प ड्यूटी, वकील, कार्पेट करून खिसा रिकामा झालाय तेव्हा नवा बॉयलर या हिवाळ्यात जमणार नाही हे आधीच सांगतो. नोव्हेंबरात आईबाबा साताऱ्याहून येतायत पाच महिन्यांसाठी, बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, आणि घरात आठ महिन्यांची मुलगी. कार्बन मोनॉक्साइड म्हणजे गॅस अर्धवट जळला की होणारा विषारी वायू, त्याचे ५० पौंडांत दोन अलार्म बसतील असे सुचवा, आणि नेमके कुठे लावायचे? फायरच्या वर भिंतीवर एक तपकिरी डाग आहे, त्यावर रंग दिला तरी परत दिसतो, कुठला प्रायमर चांगला तेही सांगा.

मिल्टनकीन्सचे_काका
अलार्मबिलार्म नंतर, तो बॉयलर आधी काढ बाबा. मी २०२१ मधे वूस्टर बॉशचा कॉम्बी (टाकीशिवाय लागेल तसं पाणी तापवणारा बॉयलर) बसवला, सगळं मिळून २८०० पौंड, दहा वर्षं वॉरंटी, एक दिवस त्रास नाही. वरची टाकी निघाली तिथे आम्ही देवघर केलं, सागवानी देव्हारा पुण्याहून आणलाय. शॉवर पण जोरात येतो.

स्लावचा_नवा_रहिवासी
काका, बजेट ५० आहे हो.

हीटपंपवाला
कॉम्बी तरी कशाला. सरळ हीट पंप, बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात आणतो तो. बॉयलर अपग्रेड स्कीममधे सरकार ७५०० पौंड देतं, इंग्लंड आणि वेल्समधे. आमच्याकडे घरात काही जळतच नाही त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचा विषयच मिटला. दोन रेडिएटर मोठे करावे लागले आणि बाहेरचा डबा ठेवायला अंगण लागतं तेवढंच.

मिल्टनकीन्सचे_काका
टेरेस्ड घराला अंगण किती, आणि शेजारी आवाजाची तक्रार करतात. आमच्या गल्लीत झालंय.

हीटपंपवाला
काका, आमचा फ्रीज त्यापेक्षा जास्त आवाज करतो. येऊन ऐका एकदा.

कोथरूडची
मी पुण्यात असते तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या जुन्या घरी बाथरूममधे गॅस गिझर होता, बारकी खिडकी, ती पण थंडीत आई बंद करायची. माझी मामेबहीण आंघोळीला गेली आणि वीस मिनिटं बाहेर आलीच नाही, हाका मारल्या तर उत्तर नाही. मामाने खांद्याने कडी तोडली. जमिनीवर पडलेली. बाहेर हवेवर आणून दवाखान्यात ऑक्सिजन लावला म्हणून वाचली, पण पुढे दोन महिने तिचं डोकं दुखायचं आणि गोष्टी विसरायची. वास काही आला नाही म्हणाली, नुसती झोप आल्यासारखं झालं. तेव्हा कंजूसपणा करू नका. आणि अलार्म खाली जमिनीपाशी लावा, गॅस खाली बसतो, आमच्या स्वयंपाकघरातला डिटेक्टर कंपनीच्या माणसाने मुद्दाम खालीच लावून दिला.

+१_मंडळ
खाली लावा +१. आमचा पण खालीच आहे.

रेडिंगची_गृहिणी
खाली नका लावू प्लीज, हे दोन वेगळे गॅस आहेत. भारतात सिलेंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीवर पसरतो, म्हणून तो डिटेक्टर खाली. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका, वर बॉयलरच्या गरम हवेबरोबर उठतो आणि खोलीभर मिसळतो. भिंतीवर लावायचा तर दारंखिडक्यांच्या वरच्या कडेपेक्षा उंच पण छतापासून निदान १५ सेंटिमीटर खाली, छताला लावला तर भिंतीपासून ३० सेंटिमीटर लांब, आणि बॉयलरपासून आडवं अंतर एक ते तीन मीटर. पडद्याआड, कपाटात, पंख्याजवळ नको. झोपायच्या खोलीत मात्र उशीवर डोकं असतं साधारण त्या उंचीला.

घेताना बीएस ईएन ५०२९१ हा नंबर आणि पाठीमागची बदलायची तारीख बघा. आतला सेन्सर मॉडेलप्रमाणे पाच ते दहा वर्षांत म्हातारा होतो. टेस्टचं बटण दाबून पीं वाजलं म्हणजे भोंगा आणि बॅटरी ठीक आहे एवढंच, सेन्सर जिवंत आहे असं नाही. आमचा मिनिटामिनिटाला टिक टिक करायला लागला तर ह्यांनी रात्री तीनला बॅटरी काढून ड्रॉवरमधे टाकला, आणि तो आयुष्य संपलं हेच सांगत होता. सहा महिने आम्ही बिनअलार्मचे होतो, तान्हं बाळ घरात. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

अॅबर्डीनकर
आमच्या स्कॉटलंडमधे १ फेब्रुवारी २०२२ पासून बॉयलर, फायर असलं काही असेल तर स्वतःच्या घरात पण हा अलार्म सक्तीचा आहे. इंग्लंडमधे मालक स्वतः राहत असेल आणि बॉयलर जुनाच असेल तर कुणी विचारत नाही. हे चूक आहे असं माझं स्पष्ट मत.

भाडेकरू_हाउन्स्लो
धाग्यात घुसतो माफ करा. आम्ही भाड्याने राहतो, गॅसची शेगडी आणि किचनमधे बॉयलर. लँडलॉर्ड म्हणतो अलार्म तुमचा तुम्ही घ्या. बरोबर आहे का?

अॅबर्डीनकर
अजिबात नाही. इंग्लंडमधे १ ऑक्टोबर २०२२ पासून बॉयलर किंवा फायर असलेल्या राहत्या खोलीत अलार्म लँडलॉर्डनेच द्यायचा, बिघडला कळवलं की दुरुस्त करायचा किंवा बदलायचा. शिवाय दरवर्षी गॅस सेफ (गॅसचं काम करायची अधिकृत नोंदणी) असलेल्या इंजिनियरकडून तपासणी आणि तिचा कागद २८ दिवसांत तुमच्या हातात.

+१_मंडळ
शेगडीसाठी पण लागतो ना अलार्म?

अॅबर्डीनकर
नुसती शेगडी असेल तर कायद्याने नाही. त्यांच्याकडे बॉयलर आहे म्हणून लागतो.

क्रॉयडन_७७
एवढा खर्च कशाला? कोविडमधे सगळ्यांनी ऑक्सिमीटर घेतलेत, घरात पडून आहेत. रोज सकाळी आईबाबांच्या बोटाला लावा, आकडा ९५ च्या खाली गेला तर समजा. आणि गॅस गळला की वास येतोच.

वॉर्डातली_ताई
मी इथे इमर्जन्सीमधे नर्स आहे, कृपा करून ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो, आणि बोटाला लावायच्या साध्या यंत्राला या दोन्हींतला फरक कळत नाही. माणूस गुदमरत असतो आणि यंत्र ९८ दाखवतं. खरं ते रक्ताच्या तपासणीतच कळतं. वास येतो तो गॅसमधे मुद्दाम मिसळलेला असतो, अर्धवट जळून तयार झालेल्या या विषाला वास नाही, रंग नाही.

डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, गळून गेल्यासारखं, पण ताप नाही. घरातल्या सगळ्यांना एकदम, आणि बाहेर पडलं की बरं वाटतं. थंडीत लोक याला फ्लू समजून दारं लावून हीटिंग वाढवून झोपतात. हृदयाचा त्रास असलेल्यांना आणि बाळांना याचा फटका लवकर बसतो, म्हणजे तुमचे बाबा आणि तुमची मुलगी.

आता मुख्य. भाऊ, तुम्ही प्रायमर विचारताय त्या तपकिरी डागाबद्दल इथे कुणीच बोललं नाही. फायरच्या वरचा डाग, काजळी, निळ्याऐवजी पिवळी, मंद डोलणारी ज्योत, या धूर चिमणीतून वर न जाता खोलीत येत असल्याच्या खुणा असू शकतात. बॅक बॉयलर हवा हॉलमधलीच घेतो, त्यामुळे भिंतीतली हवेची जाळी कुणी बुजवली असेल किंवा किचनचा एक्झॉस्ट पंखा जोरात ओढत असेल तर धूर उलटा फिरतो. इंजिनियर येईपर्यंत पेटवू नका. कुणाला त्रास झाला तर सगळे बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या गॅसच्या आपत्कालीन नंबराला फोन करा, चोवीस तास चालू असतो, कुणी बेशुद्ध असेल तर अँब्युलन्ससाठी ९९९.

मिल्टनकीन्सचे_काका
तेच मी पहिल्यापासून सांगतोय, कॉम्बी घे.

स्लावचा_नवा_रहिवासी
ताई, तुमचं वाचून हात थरथरले. लगेच बंद केला. बायको गेले दोन आठवडे संध्याकाळी डोकं धरून बसायची, आम्ही बाळाच्या जागरणावर टाकत होतो.

स्लावचा_नवा_रहिवासी (नऊ दिवसांनी)
अपडेट. गॅस सेफचा इंजिनियर येऊन गेला. कार्ड मागितलं, मागच्या बाजूला कुठल्या उपकरणांचं काम करता येतं ते लिहिलेलं असतं ते वाचलं. त्याने धुराची कांडी पेटवून फायरच्या कडेशी धरली, धूर आत ओढला जायला हवा होता तो थेट आमच्या तोंडावर आला. फायर काढल्यावर मागे बादलीभर विटांचा चुरा आणि पक्ष्यांच्या घरट्याच्या काड्या निघाल्या. कोपऱ्यातल्या हवेच्या जाळीवर आधीच्या मालकाने चिकटपट्टी मारून वॉलपेपर लावला होता, आम्हाला जाळी आहे हेच माहीत नव्हतं. तात्काळ धोकादायक असा लाल कागद लावून गॅस तोडून गेला. चिमणी साफ करून, आत नवीन पाइप घालून चालू करता येईल म्हणाला.

करणार नाही. कॉम्बी पण आत्ता नाही, हीट पंप पण नाही. टाकीला इमर्शन हीटर आहे, त्यावर पाणी तापतंय. विजेवरचे तीन ऑइल रेडिएटर घेतले, दोन नवे, एक ओळखीच्यांकडून जुना. उन्हाळ्यात इंजिनियरांना कामं कमी असतात तेव्हा तीन कोटेशन घेऊन ठरवीन.

हीटपंपवाला
वीज गॅसच्या जवळजवळ चौपट महाग पडते युनिटला. पाच महिन्यांचं बिल बघून पस्तावाल. कर्ज काढा पण आत्ताच करा.

मिल्टनकीन्सचे_काका
सहमत. हप्त्यावर पण बसवून देतात.

रेडिंगची_गृहिणी
रेडिएटर एक्स्टेंशनच्या वायरवर लावू नका, थेट भिंतीतल्या प्लगला. आणि अलार्म घेतलात की नाही?

स्लावचा_नवा_रहिवासी
भिंतीच्याच प्लगला लावलेत. बायकोचं डोकं दुखणं थांबलंय, रक्त तपासलं ते आता ठीक आहे, पण तपासायला आम्ही चार दिवस उशिरा गेलो. बिल येईल ते भरू, बाबांना थोडी शेव कमी खा म्हणू शकतो, श्वास कमी घ्या म्हणू शकत नाही.

अलार्म घेतले, सीलबंद बॅटरीचे, वीस वीस पौंडांचे. आमच्याकडे आता काही जळत नसलं तरी एक आईबाबांच्या खोलीत लावलाय, कारण शेजारच्या आजींकडे तसाच गॅस फायर आहे, मधली भिंत एकच आणि दोन्ही घरांची धुराडी पाठीला पाठ लावून, इंजिनियर म्हणाला भिंतीतून येऊ शकतो. दुसरा आजींना नेऊन दिला. फायरची सर्व्हिसिंग शेवटची कधी झाली विचारलं तर त्यांना आठवेना, मिस्टर होते तेव्हा म्हणाल्या. त्याच इंजिनियरला सोमवारी त्यांच्याकडे बोलावलंय. तोपर्यंत आमचा जुना रेडिएटर त्यांच्याकडे आहे.