मनाच्या श्लोकांतलं ‘नीववावें’ म्हणजे नेमकं काय?

महालची आजी
नातीचं पाठांतर घेऊन राहिली आहे. सातव्या श्लोकापाशी अडलो: ‘मना सर्व लोकांसि रे नीववावें’. पोरगी विचारते, आजी, लोकांना निवडायचं का? ‘शांत करावं’ म्हणून वेळ मारून नेली, पण मलाच ते पटलं नाही. पुस्तकातल्या टीपेत ‘संतुष्ट करावे’ आहे. आमच्या घरी दूध निवतं, चहा निवतो. माणसं कशी निववायची? आणि ‘नी’ दीर्घ का?

बर्डीवाला
‘निवारणे’वरून असेल आजी. लोकांचं दुःख निवारावं.

जुनी पोथी
नाही दादा. निवारणे म्हणजे अडवणं, दूर सारणं. हे ‘निवणे’चं प्रयोजक रूप, निवविणे: थंड करणं. आजी, तुमच्या चहाचाच शब्द आहे हा.

‘नी’ दीर्घ झाला तो वृत्तामुळे. भुजंगप्रयातात चरणाची १२ अक्षरं, लघु-गुरु-गुरु असं चारदा. मोठ्यानं म्हणून पाहा: ‘सि रे नी’, ‘ववावें’. ऱ्हस्व ‘नि’ तिथं बसतच नाही.

अर्थासाठी आठव्या श्लोकात जा. ‘मना चंदनाचे परी त्वां झिजावें, परी अंतरीं सज्जना नीववावें’. चंदन स्वतः झिजतं आणि दुसऱ्याला गारवा देतं. ‘संतुष्ट’ म्हटलं की चंदनच हरवतं! सातव्यातही आधी ‘बोलणें नीच सोशीत जावें’ आहे. धग आपण सोसायची, गारवा लोकांना द्यायचा. समर्थांनी शब्द फार जपून ठेवला आहे.

दीक्षाभूमीजवळचा
यात एक भर. ‘निर्वाण’ही याच कुळातला, निर् + वा, मूळ अर्थ विझणं. आग विझली की गारवा. ६ डिसेंबरला आपण ‘महापरिनिर्वाण’ म्हणतो, त्या शब्दाचं नातं थेट चुलीजवळच्या ‘निवू दे’शी आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

महालची आजी
सगळ्यांचे आभार. मे महिन्यात कोणी उन्हातून आलं की माझ्या सासूबाई माठातलं पाणी नि गुळाचा खडा पुढे करत, म्हणत, “जीव निवू दे, मग बोल.” इतकी वर्षं ऐकूनही जोडलं नव्हतं मी.

आत्ता सहाणेवर खोड उगाळून नातीच्या कपाळाला गंध लावलं. “गार लागते आजी,” म्हणाली. मग दोन्ही श्लोक म्हणून घेतले. अडली नाही.