मदत हवी आहे : हा टोमणा नेमका कशावर होता?

मंडळी, जरा सल्ला द्या. ऑफिसातली मणिपूरची मैत्रीण इथं कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. परवा गाडी लावताना तिचा आरसा एका बुलेटला घासला. मालक ओरडला, "डोळं उघडून बघ की जरा!" आता हे आपल्याकडं कुणालाही ऐकवतात, मलाही ऐकवलंय. पण शेजारचे दोघं तिच्या तोंडाकडं बघून फिस्कन हसले. ते हसूच खटकतंय : टोमणा गाडी घासल्यावर होता की तिच्या डोळ्यांच्या ठेवणीवर? ऑफिसात सगळे म्हणतात, कोल्हापुरी बोलणं रांगडंच, सोड. मला नाही सोडवत. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर जीव गेला, ते प्रकरण दिसण्यावरच्या टिंगलीतूनच पेटलं होतं.

गाडी रोज तिथंच लावायची आहे. त्या बुलेटवाल्याला सरळ विचारावं का? ईशान्येकडचं कुणी असेल तर तुम्ही काय केलं असतं, तेही सांगा.