‘अठरा पूर्ण झाल्यावर ठरव’ हे उत्तर मला अपुरे का वाटते

प्राजक्त

माझे वय सतरा असून मी बारावीत शिकते. वडिलांचे घर कसबा पेठेतले. आजी वारकरी आहे आणि माउलींची पालखी पुण्यातून निघाली की अजूनही दिवे घाट चढून सासवडपर्यंत चालत जाते. आईचे माहेर वसईचे, पिढ्यानपिढ्या कॅथलिक. आईवडिलांनी विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न केले आणि तेव्हाच ठरवले की मुलांवर कोणताही धर्म लादायचा नाही, मुले अठरा वर्षांची झाली की आपले आपण ठरवतील. त्यांच्या या ठरावाचा मी आदर करते.

प्रत्यक्षात मात्र असे झाले की गणपती, नवरात्र, एकादशी हे सारे ‘घरातली रीत’ म्हणून चालू राहिले आणि त्याला कोणी धर्म म्हटले नाही, तर आईची जपमाळ कपाटात साड्यांच्या खाली गेली. धर्म लादायचा नाही याचा अर्थ आमच्या घरी हळूहळू ‘आईच्या धर्माबद्दल बोलायचे नाही’ असा झाला. हे कोणी जाणूनबुजून केले असे मला वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी वसईची आजी वारली. तिच्या अंत्यविधीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत होती आणि मी आयुष्यात प्रथमच ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली. गेलेल्या माणसासाठी जिवंत माणसांनी प्रार्थना करत राहावे आणि त्या माणसानेही तिकडून आपल्यासाठी प्रार्थना करावी, हे नाते मृत्यूने तुटत नाही, ही गोष्ट तिथे सर्वजण इतक्या सहजपणे गृहीत धरत होते की मी थक्क झाले. तेव्हापासून मी बहुतेक रविवारी क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला जाते आणि मागच्या बाकावर बसते. आईवडिलांना हे ठाऊक आहे, आजीला नाही. तिथल्या एका सिस्टरांनी, बाप्तिस्म्याचा विचार करणाऱ्यांसाठी शिक्षणाचा वर्ग असतो, असे सांगितले. वडील म्हणाले, ‘अठरा पूर्ण झाल्यावर बघू.’ आई त्यांच्याहूनही ठामपणे नाही म्हणाली.

माझे म्हणणे एवढेच आहे की समजून घेणे आणि निर्णय घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अकरावीत शाखा निवडायची असते म्हणून त्याआधी दहा वर्षे सगळे विषय शिकवतात. मग ज्या दिवशी अठरा पूर्ण होतील त्या दिवशी मी कशाच्या आधारावर ठरवायचे? वर्गाला आज जाणे गैर आहे का?

नारायणपेठी

प्राजक्त, तू प्रामाणिकपणे लिहिले आहेस, म्हणून मीही आडपडदा न ठेवता सांगतो. तुझे आईवडील बरोबर आहेत. बाप्तिस्मा एकदाच होतो आणि चर्चच्याच शिकवणीप्रमाणे तो पुसता येत नाही, माणूस पुढे चर्चची पायरी चढला नाही तरी त्याची मुद्रा राहते. परतीची वाट नसलेल्या निर्णयाकडे नेणारा रस्ता, कायद्याने जिला साधा करारही करता येत नाही अशा वयात धरू नये.

दुसरे असे की धर्म बदलणारा एकटा असला तरी झळ साऱ्या घराला लागते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ते तिशी ओलांडलेले विद्वान कवी होते. त्यानंतरची काही वर्षे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी कशी काढली, हे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांच्याच शब्दांत वाच. टिळक खोटे होते असे मी म्हणत नाही. त्यांच्या खरेपणाचा भार दुसऱ्या कोणीतरी उचलला, एवढेच म्हणतो.

आणि तिसरे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तू लिहितेस की वडिलांकडचा धर्म घरात आपोआप चालू राहिला. आरती पाठ असणे म्हणजे तो धर्म समजणे नव्हे. ज्ञानेश्वरीचा एक अध्याय तरी कोणाजवळ बसून अर्थासह वाचला आहेस का? एका बाजूचा अभ्यास आणि दुसऱ्या बाजूची केवळ सवय, अशी तुलना न्याय्य होणार नाही.

वसईचा धर्मशिक्षक

मी अनेक वर्षे आमच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या परिसरातल्या कॅथलिकांच्या समुदायात, मुलांना आणि प्रौढांनाही शिकवत आलो आहे. येथे काही गैरसमज दिसतात, ते आधी दूर करतो.

वर्गाला नाव घातले म्हणजे बाप्तिस्म्याची तारीख ठरली, असे नसते. प्रौढांची तयारी साधारण वर्षभर चालते, कधी त्याहून अधिक. मध्ये टप्पे असतात, प्रत्येक टप्प्यावर माणसाला थांबता येते, निघूनही जाता येते. बाप्तिस्मा बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीत होतो. १९८३ च्या चर्चच्या कायदेसंहितेप्रमाणे, चौदा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीच्या बाप्तिस्म्याची बाब बिशपांकडे पाठवावी लागते. त्याच संहितेत, कोणालाही त्याच्या विवेकाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला भाग पाडता येत नाही, असेही स्पष्ट म्हटले आहे. शिवाय कोणताही विचारी फादर सतरा वर्षांच्या मुलीला घरच्यांच्या नकळत पुढे नेणार नाही. तेव्हा नारायणपेठी यांना वाटणारी घाई मुळात तिथे नाही.

आता तुझ्या आईविषयी. मी त्यांना ओळखत नाही, म्हणून हे केवळ एक शक्यता म्हणून वाच. कॅथलिक व्यक्तीने बिशपांकडून सूट न घेता केवळ नोंदणी पद्धतीने लग्न केले, तर चर्चच्या दृष्टीने तो विवाह वैध ठरत नाही आणि त्या व्यक्तीला मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. अशा अनेक स्त्रिया मी पाहिल्या आहेत. प्रसादाची वेळ झाली की सगळी रांग उठते, त्या मात्र बाकावर बसून राहतात, शेजारच्या बायका वळून बघतात, आणि काही महिन्यांनी त्या येणेच सोडतात. त्यांनी श्रद्धा टाकलेली असतेच असे नाही. यावर उपाय आहे. असा विवाह नंतर वैध करून घेता येतो, आणि नवरा पुन्हा विधीला उभा राहण्यास तयार नसेल तरीही, त्याची लग्नाची मूळ संमती कायम असल्यास, बिशप तो मुळापासून वैध ठरवू शकतात. हे कोणीतरी त्यांना वीस वर्षांपूर्वीच नीट सांगायला हवे होते. ते घडले नसेल, तर तो आमचा दोष आहे.

विवेकमार्गी

मला या चर्चेचा रोखच मान्य नाही. मुलांना कोणत्याही धर्मात न वाढवण्याचा आईवडिलांचा निर्णय धाडसी होता आणि तो निम्म्यावर सोडू नये. प्राजक्तचा मुद्दा खरा असेल, म्हणजे गणपती चालू राहिला आणि जपमाळ कपाटात गेली असेल, तर घराने ठराव पाळला नाही, असा त्याचा अर्थ होतो. उपाय म्हणून आता दुसरा धर्म आत आणणे चुकीचे ठरेल. माणूस दुःखात असताना त्याला जे सांत्वन देते ते त्याला खरे वाटू लागते. सांत्वन मिळाले म्हणून एखादे विधान सत्य होत नाही.

कर्वेनगरची सून

मी जन्माने कॅथलिक आहे आणि सासर हिंदू आहे. तरीही मी प्राजक्तच्या आईच्या बाजूने आहे, हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल.

माझे लग्न चर्चमध्ये, बिशपांची सूट घेऊन झाले. त्या वेळी, मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी माझ्याकडून होईल ते सर्व करीन, असे वचन मला द्यावे लागले. नवऱ्याला ते ठाऊक होते, सासूबाईंना आम्ही सांगितले नाही. मुलांचा बाप्तिस्मा माहेरी करून घेतला. पुढे एका नातेवाइकाच्या तोंडून ते बाहेर आले आणि सासूबाई माझ्याशी तीन वर्षे बोलल्या नाहीत. बाप्तिस्मा झाला याचा त्यांना राग नव्हता. ‘मला घरातली समजली नाहीस,’ हे त्यांचे वाक्य होते, आणि त्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

म्हणून प्राजक्त, मला तुझा रविवार खटकत नाही, तो लपवलेला आहे हे खटकते. आणि एक प्रश्न तू स्वतःला विचार, कठोर वाटला तरी विचार. तू ख्रिस्ताला शोधते आहेस की वसईच्या आजीला? दोन वर्षांत ओसरणारे दुःख असेल तर ओसरू दे. श्रद्धा असेल तर तुला अठरा पूर्ण होईपर्यंत ती कुठे जाणार नाही.

प्राजक्त

सर्वांनी वेळ काढून लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार.

नारायणपेठी काका, आपला तिसरा मुद्दा मला लागला, कारण तो खरा आहे. मी ज्ञानेश्वरी अर्थासह वाचलेली नाही आणि ती उणीव मी भरून काढीन. पण आपल्याच युक्तिवादाने माझे म्हणणे बळकट होते, असे मला वाटते. ज्ञानेश्वरी वाचायला अठरा वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहा, असे मला कोणी सांगणार नाही. टिळकांविषयीही एक लक्षात घ्यावे, की लक्ष्मीबाईंनी पुढे काही वर्षांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला आणि तो नवऱ्याच्या आग्रहाने घेतला नाही. त्या दुःखाचा शेवट केवळ त्यागात झाला, असे म्हणता येत नाही.

विवेकमार्गी, सांत्वन म्हणजे सत्य नव्हे, हे मला मान्य आहे. मी सांत्वनासाठी जात असते तर मागच्या बाकावरून केव्हाच उठले असते, कारण तिथे जे ऐकते त्यातले बरेचसे मला अस्वस्थ करते. शत्रूंवर प्रीती करा, हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण वर्गात ज्या मुलीशी माझे पटत नाही तिच्या नावापाशी ते आणून ठेवले की घसा कोरडा पडतो. कसब्यातली माझी आजी ख्रिस्ताला न मानता गेली तर तिचे काय, हा प्रश्न मला कित्येक रात्री छळत होता. मग सिस्टरांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे १९६५ चे इतर धर्मांविषयीचे निवेदन वाचायला दिले. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही चर्च नाकारत नाही, असे त्यात म्हटले आहे. त्याने माझा प्रश्न पूर्ण सुटला नाही, परंतु तो विचारण्याची लाज वाटेनाशी झाली.

ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर देते. सुरुवातीला मी आजीलाच शोधत होते. पहिले सहा महिने मला प्रवचनातले काही आठवत नाही, मेणबत्त्यांचा वास तेवढा आठवतो. आता तसे राहिलेले नाही. पण एकीचा शोध कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, ती रेघ मला दाखवता येणार नाही.

नारायणपेठी

लक्ष्मीबाईंविषयी तू म्हणतेस ते खरे आहे, ते मी सांगायला हवे होते. तरी माझे मत बदललेले नाही. वाचन आणि वर्ग यांत फरक आहे. पुस्तक तुझ्याकडून काही अपेक्षा करत नाही. वर्गात शिकवणारी माणसे असतात, सोबतचे दीक्षार्थी असतात, त्यांचा लोभ जडतो, आणि अर्ध्यावर उठून जाणे म्हणजे त्यांना दुखावणे असे वाटू लागते. धर्मशिक्षक म्हणतात की केव्हाही निघून जाता येते. नियमाने येत असेल, सतराव्या वर्षी मनाने येते का? शनिवार पेठेत जेझुइट धर्मगुरूंनी सुरू केलेले स्नेहसदन आहे, तिथे हिंदू-ख्रिस्ती संवादाचे काम होत आले आहे. तिथे जा, प्रश्न विचार. माझी हरकत दीक्षेच्या रांगेत उभे राहण्याला आहे.

वसईचा धर्मशिक्षक

हा आक्षेप वजनदार आहे आणि मी तो झटकून टाकणार नाही. मनाचा ओढा निर्माण होतो, हे खरे. परंतु कसब्याच्या घरातही तो ओढा आहेच, फक्त तो जन्मापासूनचा असल्यामुळे कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

दिवे घाट

मी सत्तरीला आले आहे आणि तुझ्या आजीप्रमाणे वारी करते. इतका वेळ सर्वांचे वाचत होते. आईचे काय, वडिलांचे काय, चर्चचा कायदा काय, सगळे बोलून झाले. तुझी आजी दुखावेल हे प्रत्येकाने धरूनच चालले आहे, पण तिला विचारले कोणी? म्हातारी माणसे देवाच्या गोष्टीला घाबरत नाहीत, बाळ. आम्हाला वगळले की मात्र वाईट वाटते. ज्या सिटी चर्चला तू जातेस, त्याची जागा सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती सैनिकांसाठी १७९२ साली दिली, आणि तीही पेशव्यांच्या सैन्याने १७३९ मध्ये वसई पोर्तुगिजांकडून घेतल्यानंतर. या शहराला तुझ्यासारखी घरे नवीन नाहीत. वर्गाला जा किंवा जाऊ नकोस, मी त्यात पडत नाही. आधी आजीजवळ बस.

प्राजक्त

काल संध्याकाळी, आजीचा हरिपाठ झाल्यावर, मी तिला सर्व सांगितले. वसईची मिस्सा, क्वार्टर गेट, मागचा बाक, सिस्टर, वर्ग. ती मधे एकदाही बोलली नाही. मग तिने टाळ बाजूला ठेवले आणि विचारले, ‘तुझ्या आईने जायचे का सोडले? माझ्यामुळे का?’

मला उत्तर ठाऊक नव्हते. धर्मशिक्षक काकांनी लिहिलेली शक्यता मी तिला सांगितली. ती म्हणाली की लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला आईने घरात तारा लावायचे विचारले होते, आणि आजी ‘लोक काय म्हणतील’ एवढेच म्हणाली होती. त्यानंतर आईने पुन्हा कधी विचारले नाही. ही गोष्ट आईने मला आजवर सांगितलेली नाही.

वर्गाला नाव मी अजून घातलेले नाही. घालायचे की नाही, यावर नारायणपेठी काका आणि मी असहमतच आहोत, आणि ‘दीक्षेची रांग’ या त्यांच्या शब्दांवर मला आणखी विचार करायचा आहे. आज सकाळी आजीने आईला स्वयंपाकघरात हाक मारली आणि मला दूध आणायला खाली पाठवले. मी परत आले तेव्हा दार लोटलेले होते, म्हणून मी जिन्यातच थांबले.